समुद्रावरची गळती

मे महिन्यात आमच्या घरातला समुद्र रोज चार-पाच लिटर आटतो. मुख्य टाकीखाली जी छोटी टाकी आहे, तिच्या काचेवर मी निळ्या मार्करनं रेघ मारून ठेवलीय. सुरुवातीला रात्री पाणी रेघेला टेकलेलं असायचं, सकाळी बोटभर खाली गेलेलं. आईनं मला पहाटे मग घेऊन तिथं उकिडवा बसलेला पाहिला आणि म्हणाली, "काहून रे बाबू, समुद्रालेबी पाणी पाजा लागते काय?"

लागतं. आणि तेही गोडं.

हा समुद्र दोनशे लिटरांचा. त्याचं मीठ पिशवीतून आलं, पाणी आरओचं, मासे नागपुराहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत बसून आले. हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार, हे खऱ्या समुद्राचं प्रमाण सांभाळलं की मासे यवतमाळात आहेत की मालवणात, याची चौकशी करत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात मात्र मी शहाणपणा केला. समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच घालावं, म्हणून खारं पाणी कालवून ओतत राहिलो. पाचव्या दिवशी मोजलं तर ३५ चे ३९ झाले होते. हवेत गेलं होतं ते निव्वळ पाणी. मीठ होतं तिथंच होतं, आणि मी त्यात रोज भर घालत होतो.

खरं तर ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. होळीच्या सुमारास माळ्यावरून कूलर उतरवला की जुन्या ताट्यांवर पांढरं कवच दिसतं. नखानं खरवडलं तर चुन्यासारखं हाताशी येतं. मागच्या उन्हाळ्यात किती पाणी हवेत सोडलं, त्याचा तो शिल्लक हिशेब. कूलर मुंबईच्या दमट हवेत चालत नाही, इथं चालतो, कारण आमची हवा तहानलेली. माझ्या टाकीवरचा छोटा पंखाही त्याच तहानेवर जगतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर दोनशे लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी गार होतं. आटणं थांबवलं तर मासे उकडतील. आटू दिलं तर खारट होतील. एक मजा मात्र आहे. ज्या दुपारी खोलीत कूलर चालू असतो, त्या दुपारी टाकी कमी आटते. हवेला पाणी आधीच मिळालेलं असतं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारही असंच. उल्केच्या आघातानं बेसाल्टात पडलेलं ते विवर; पावसाचं आणि झऱ्यांचं गोडं पाणी आत येतं, पण ओढ्यानं वाहून बाहेर जायला वाट नाही. नेतो तो सूर्यच, आणि तो मीठ नेत नाही. जून २०२० मध्ये तळ्यातलं पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सगळं तळं गुलाबी केलं. लोक फोटो काढत होते. मला ती माझीच चूक मोठी करून दाखवल्यासारखी वाटली.

यावरचा उपाय आपल्याकडे जुना आहे. वैशाखात पिंडीवर गळती बांधतात, तुळशीवरही. तळाला बारीक भोक पाडलेलं भांडं, त्यातून थेंब थेंब. उन्हानं नेलेलं पाणी कुणी लक्षात ठेवायला नको. पण गळतीला कुठं थांबायचं ते कळत नाही. ते कळतं कूलरमधल्या फ्लोटला: पाणी वर आलं की तो उचलला जातो, तोटी बंद. माझ्या टाकीत दोन्हींची सोयरीक झालीय. शेजारी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन, त्यात बोटाएवढा पंप, आणि रेघेशी तरंगणारा फ्लोट. पाणी खाली गेलं की पंप चार घोट पाजतो नि गप्प बसतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं जास्त क्षारांचं पाणी आम्ही बादलीत धरून कूलरला घालतो. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली होती, तेव्हाच्या बादल्या-घागरींच्या रांगा पाहिलेल्या घरात शौकासाठी पाणी सांडताना हात कचरतो. त्या क्षारांच्या पाण्यामुळे ताट्यांवरचं कवच जरा लवकर चढतं, एवढंच.

एका रात्री फ्लोटवर मिठाचा थर धरला आणि तो खालीच चिकटून बसला. पंप चालत राहिला. सकाळी कॅन कोरडा, खालची टाकी काठोकाठ, आणि मोजमाप ३५ वरून ३२ च्याही खाली. नशीब, कॅन वीस लिटरचाच होता. नळ थेट जोडला असता तर समुद्राची विहीर झाली असती. मीठ घालायला मी पिशवी उघडली. मग थांबलो. एक थेंबही बाहेर सांडला नव्हता, म्हणजे मीठ सगळं आतच होतं. जास्त होतं ते फक्त गोडं पाणी.

मी पंपाची पिन काढून ठेवली आणि काही केलं नाही. बाहेर पारा ४४ वर होता. चार दिवस यवतमाळच्या उन्हानं रोज आपला वाटा उचलला, माशांना कळणारही नाही इतक्या बेतानं. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा निळ्या रेघेवर आलं. मोजलं. ३५.

आईनं विचारलं, "झाला का बरा तुझा समुद्र?" मी म्हटलं, "उन्हानं केला." फ्लोट घासून पुसून जागेवर लावला आणि कॅन भरायला घेतला.