नातवाची भाषा

कोणाला कसला छंद लागावा याला काही धरबंध नसतो. आमच्या लहानपणी मिरजेत मुले काड्यापेट्यांचे छाप जमवीत, पोस्टाची तिकिटे जमवीत. आमच्या आळीतले एक गृहस्थ तर लग्नपत्रिका जमवीत, आणि त्यांच्या संग्रहाला शोभा यावी म्हणून की काय, स्वतः मात्र अविवाहित राहिले. असली माणसे पाहण्याची सवय असल्यामुळे माझा नातू भाषा तयार करतो हे कळल्यावर मी फारसा दचकलो नाही. दचकली ती त्याची आई.

"मराठी धड बोलत नाही, आणि जगात नसलेली भाषा बोलत बसतो," ती फोनवर म्हणाली होती. तिच्या आवाजात रागापेक्षा दुसरेच काही तरी होते. मुलगी आणि जावई हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो गावी राहतात. गेला हिवाळा मी त्यांच्याकडे काढला. तिकडे डिसेंबरात सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि तीन-सव्वातीनला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ दुपारी सुरू होते आणि झोपेपर्यंत पुरते. पंधरा वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरीचा मी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलेलो असू. तो वहीत काही तरी लिही आणि ओठातल्या ओठात पुटपुटे. अखेर मी विचारलेच, "हे काय रे?"

मग त्याने सांगितले, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या एका आईच्या मुली. त्यांना जर्मानिक भाषा म्हणतात. फिनिशचे कूळच वेगळे. तिची सख्खी म्हणावी अशी बहीण एस्टोनियन, आणि लांबचे नाते हंगेरियनशी. आता समजा, दोन हजार वर्षांपूर्वी जर्मानिक बोलणारी काही माणसे बाल्टिक समुद्र ओलांडून फिनलंडच्या किनाऱ्यावर उतरली आणि परत गेलीच नाहीत. तिथेच शेती केली, तिथल्याच मुली केल्या. तर आज त्यांच्या वंशजांची भाषा कशी असती? ती भाषा तो बनवीत होता.

अशी भाषा बनवताना मन मानेल तसे शब्द करता येत नाहीत, हे ऐकून मला बरे वाटले. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या माणसाला नियम दिसले की घरी आल्यासारखे वाटते. जुन्या फिनिशला ब, ग, फ चालत नसत, आणि शब्दाच्या आरंभी जोडाक्षर तर मुळीच नाही. म्हणून मूळ जर्मानिकमधला दगडाचा शब्द 'स्टाइनाझ' त्याच्या वहीत 'ताइनास' झाला होता. मासा 'फिस्काझ', तो झाला 'पिस्कास'.

"पण असेच होईल हे कशावरून?" मी मास्तरी प्रश्न टाकला.

"कारण झालंय," तो म्हणाला आणि त्याने मला 'कुनिंगास' दाखवला.

हा शब्द खरा आहे, आजच्या फिनिशमधला. अर्थ, राजा. जर्मानिक भाषांच्या मूळ आईकडे तो 'कुनिंगाझ' असा होता. पुढे इंग्रजांनी त्याचा झिजवून 'किंग' केला, स्वीडिश लोकांनी 'कुंग'. लेकींनी आईचा दागिना आटवला. शेजारणीने मात्र तो उसना नेला आणि जवळजवळ होता तसा जपला. अंगठीचा 'रेंगास' तसाच आला. किनाऱ्याचा 'स्ट्रांड' तिथे 'रांता' झाला, आणि इंग्रजी 'फील्ड'चा भाऊबंद 'पेल्तो'. व्हिल्हेल्म थॉमसेन या डेन्मार्कच्या पंडिताने 1869 साली यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून जर्मानिक भाषांचे जुने रूप शोधायचे तर विद्वानांना फिनिश लोकांच्या दारात जावे लागते. आणि गंमत म्हणजे फिनिशमध्ये शंभराला 'साता' म्हणतात. तो आपल्या 'शत'च्या घराण्यातला, फार प्राचीन काळी इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून गेलेला. म्हणजे आमचीही एक वाटी त्या घरात आहे!

या छंदात तो एकटा नाही हेही कळले. इंग्लंडचे प्राध्यापक टोल्किन ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना फिनिश व्याकरणाच्या प्रेमात पडले आणि आपल्या गोष्टींतल्या यक्षांसाठी त्यांनी क्वेन्या नावाची भाषा रचली. लॅटिन वेल्शच्या साच्यात ओतून 1996 साली न्यूझीलंडमध्ये एकाने ब्रिथेनिग नावाची भाषा केली आहे. टोल्किनसाहेबांविषयी नातवाचे मत असे, की त्यांनी फिनिशचा नाद घेतला, मी कायदा घेतो. पंधराव्या वर्षी माणसाला अशी मते असावीत.

हेलसिंकीच्या रस्त्यांवर पाट्या दोन भाषांत असतात, फिनिश आणि स्वीडिश. 1809 पर्यंत तो मुलूख स्वीडनच्या राज्यात होता आणि आजही शेकडा पाचेक लोकांची मायबोली स्वीडिश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या कामगारवस्तीत पोरांनी स्वीडिश शब्दांना फिनिश प्रत्यय लावून एक बोली उभी केली. शहराला ती 'स्तादी' म्हणते, स्वीडिश 'स्ताद'वरून. ती कोणी वहीत आखली नव्हती.

माझा खरा प्रवेश झाला तो विभक्तींपाशी. फिनिशमध्ये विभक्ती पंधरा. नातवाला आपल्या जर्मानिक नामांना त्या चिकटवायच्या होत्या, पण प्रत्ययाआधी शब्दाचे अंग कसे बदलावे यावर त्याचे अडले होते. फिनिशमध्ये पाणी 'वेसी' आणि पाण्यात 'वेदेस्सॅ'. "हे असं का होतं ते कुणाला समजावून सांगता येत नाही," तो कुरकुरला.

मी म्हटले, "अरे, पाणी, पण पाण्यात. घोडा, पण घोड्याला. आपल्यात याला सामान्यरूप म्हणतात."

त्याने पेन खाली ठेवले. हे तो रोज बोलत होता, पण त्याला नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मग मी फळ्याविनाच तास घेतला. इंग्रजीत माणूस घर 'हॅव' करतो. मराठीत 'मला घर आहे' म्हणतात, आणि फिनिशमध्येही 'मिनुल्ला ओन', माझ्यापाशी आहे. तो भराभर टिपून घेत होता. रविवारचा मराठीचा वर्ग त्याने दोन वर्षांपूर्वी सोडला होता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, आत गेली.

एका संध्याकाळी त्याने मलाच विचारले, "आजोबा, तुला कुपवाड माहीत आहे?" (फिनलंडमध्ये शिक्षकांनासुद्धा एकेरीच हाक असते. मला ते खटकत नाही.) मी मिरजेचा माणूस! कुपवाड म्हणजे आमचे अंगण. पण त्याच्या पुस्तकात ते वेगळ्याच कारणासाठी होते. गंपर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी 1971 साली कुपवाडवर एक लेख लिहिला. तिथे कानडी, मराठी, उर्दू इतकी वर्षे एका विहिरीवर पाणी भरत आल्या, की वाक्यांची ठेवण एकच झाली. शब्द ज्याचे त्याचे, बांधणी सगळ्यांची. एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. मी त्याला तिथला बाजार सांगितला, माझ्या वर्गातल्या घरी कानडी बोलणाऱ्या मुलांविषयी सांगितले. जेवायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, आम्ही बाहेर जाऊ या का?"

"मला नेणार नसशील तर 'आम्ही'. नेणार असशील तर 'आपण'."

ऐकणाऱ्याला धरणे आणि वगळणे असा 'आम्ही' म्हणण्याचा भेद हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, फिनिशमध्ये नाही. आपल्याकडे तो द्राविडी शेजारातून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. बर्फातून चालताना तो बराच वेळ गप्प होता. घरी आल्यावर त्याने शोधून काढले, की जुन्या जर्मानिक भाषांत 'वित्' असे एक सर्वनाम होते, अर्थ 'आम्ही दोघे'. आपल्या संस्कृतातल्या 'आवाम्'सारखे. जुन्या इंग्रजीतही ते होते. पुढे इंग्रजीने टाकून दिले. फिनिशलाही द्विवचन नाही, पण उत्तरेकडच्या तिच्या नातलग सामी भाषांत ते आजही आहे. म्हणजे त्याच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी सामी शेजाऱ्यांच्या आधाराने 'वित्' टिकवले असे म्हणायला जागा होती. अर्थ मात्र त्याने माझ्या सांगण्यावरून थोडा हलवला: बोलणारा आणि ऐकणारा, दोघेच.

मी म्हटले, "मराठीत 'वीट' येतो म्हणजे कंटाळा येतो, बरं का."

"मग तसंही चालेल," तो म्हणाला.

मार्चमध्ये मी निघालो. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने शब्दकोशात 'आत्सोपा' हा शब्द घातला, पुढे कंसात 'मराठी'. ब नाही म्हणून प, हे मला कळले. पण 'त्स' का? तर आजोबांतला ज हा 'जय'मधला नाही, 'जोडा'मधला आहे, आणि फिनिश कानाला त्याच्या सर्वांत जवळचा आवाज 'त्स'. ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही त्याने दंततालव्य ज बिनचूक ऐकला होता. मी किती वर्गांत घसा कोरडा केला होता त्यापायी!

त्याच्या आईने विचारले, "दोन हजार वर्षांपूर्वी बाल्टिकच्या काठी मराठी कशी रे पोचली?"

"विमानाने," तो म्हणाला.

प आणि व यांची अदलाबदल फिनिश नियमानेच होते, म्हणून षष्ठी 'आत्सोवान'. तिकडे घरात शिरताना पादत्राणे दारातच काढतात. मी परत आल्यानंतर मुलीने फोटो पाठवला. दाराशी चपलांच्या मांडणीवर खालून दुसरा कप्पा रिकामा आहे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: आत्सोवान.