अठ्ठ्याहत्तर फेरे

जळगावात जाझ ऐकणारी मी एकटीच नसेन, पण दुसरं कुणी अजून भेटलेलं नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, आणि रात्री भांडी आवरून झाली की माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट लावते. स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा एका सरांनी काळजीनं विचारलं, "मॅडम, ते आपल्याला समजतं का हो?" मी म्हटलं, "सर, त्यात शब्दच नाहीत, न समजायला उरलं काय?" त्यांना माझं उत्तर पटलं नाही. त्यांनी क्रिकेटचा विषय काढला आणि आम्ही दोघं सुखी झालो.

हा नाद मला धुळ्याच्या मामूंनी लावला. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, त्यात कथलाचा वास, भिंतीला उघडे पडलेले मर्फी आणि बुश, आणि मागच्या फळीवर तबकड्या. कुणी बदली होऊन गेलं, कुणाच्या घरात म्हातारं माणूस वारलं, की तबकड्यांचं बोचकं मामूंकडे यायचं. त्यात काही इंग्रजी बाजाही असायचा. मामूंचा जीव मात्र दोनच गोष्टींत होता, अब्दुल करीम खाँसाहेब आणि क्रिकेट. त्यांच्याकडे एक लांबट खतावणी होती, किराणा दुकानात असते तशी. एका बाजूनं उघडली की रेडिओवर ऐकून लिहिलेले धावफलक आणि उलटी करून उघडली की तबकड्यांची यादी, कंपनी, नंबर, राग.

लहानपणी मला वाटायचं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध वहीच्या पुठ्ठ्यापुरताच. पुढे कळलं की अमेरिकेत जाझ आणि बेसबॉल असे दोन्ही नाद एकत्र असलेली माणसं बरीच असतात, आणि तीही अशाच नोंदी ठेवतात. बेसबॉलचा धावफलक ज्यानं रूढ केला तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कात क्रिकेटच्या बातम्या देणारा बातमीदार होता. म्हणजे मूळ खतावणी आपलीच, असं मामूंना सांगितलं असतं तर ते खूष झाले असते.

मामूंचा एक नियम होता, "पहले चाल देख, फिर गाना सुन." चाल म्हणजे तबकडीची गती. त्यांच्याकडे सुटकेससारखा बंद होणारा, चावीचा एचएमव्ही ग्रामोफोन होता. त्याला गती कमीजास्त करायचा काटा असतो. तबकडीवर ते एक कागदी चकती ठेवत. तिच्या कडेला काळ्या रेघा, मोजून ७७. वर ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. तबकडी मिनिटाला बरोबर ७८ फेरे घेऊ लागली की त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. गती कमी असेल तर रेघा मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे. मी आणि मामेभाऊ डोळे बारीक करून बघत बसायचो आणि रेघा थांबल्या की "थम गई!" म्हणून ओरडायचो. एकदा कुठल्याशा यंत्राबरोबर अमेरिकन चकती आली. तिच्यावर ९२ रेघा, कारण तिकडची वीज साठ सायकलची. आपल्या ट्यूबखाली तिच्यावर विश्वास ठेवला तर तबकडी ६५ फेऱ्यांवर येते आणि कुठलीही बाई पुरुषी आवाजात गायला लागते. मामूंनी ती मुद्दाम लावून दाखवली होती. आम्ही हसून हसून लोळलो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सुरासाठी. ७८ ची तबकडी साधारण ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली तर सूर पुरा एक पट्टी वर चढतो. काळी एकचा गवैया पांढरी दोनमध्ये जातो. जुन्या काळी, विशेषतः १९२० च्या आधी, ७८ हा आकडासुद्धा पक्का नव्हता, कंपन्या आपापल्या सोयीनं कमीजास्त गतीनं ध्वनिमुद्रण करत. म्हणून जुनं गाणं नव्यानं छापताना पहिला प्रश्न असतो तो गवयाचा खरा षड्ज कोणता. आवाज स्वच्छ आहे की नाही, हा त्याच्या नंतरचा.

ही अडचण फक्त आपल्याकडची, असं कुणाला वाटेल. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जाझमधली बहुधा सर्वांत गाजलेली तबकडी १९५९ ची. तिच्या पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे बाजारात आलेली पहिली बाजू मूळ वाजवण्यापेक्षा जराशी चढ्या सुरात वाजायची. दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप वापरून ही चूक सुधारली ती १९९२ च्या नव्या आवृत्तीत. तेहतीस वर्षं जगभरातल्या वादकांनी त्या तबकडीबरोबर वाजवून बघितलं असेल आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून कान पिळले असतील. मला हे पहिल्यांदा वाचताना धुळ्याची ट्यूबलाइट आठवली. न्यूयॉर्कात त्या दिवशी एक मामू हवे होते.

आता खाँसाहेबांबद्दल. कैराना हे उत्तर प्रदेशातलं गाव, तिथं १८७२ चा जन्म. बडोद्याच्या दरबारात गायले, पुढे मिरजेला राहिले आणि तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनात त्यांचा इंतकाल झाला. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही त्यांची मुलं. सवाई गंधर्व शागीर्द, आणि सवाई गंधर्वांचे शागीर्द भीमसेन जोशी. भीमसेनजी लहानपणी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून घराबाहेर पडले, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो मुलगा ज्याच्यामागे निघाला तो आवाज लाखेच्या तबकडीतून आला होता. तीन-साडेतीन मिनिटांत संपणारा.

या तीन मिनिटांबद्दल लोक हळहळतात. मैफलीत तास दीड तास चालणारा राग कापून बसवला म्हणतात. मला नाही तसं वाटत. लुई आर्मस्ट्राँगनं १९२० च्या दशकात शिकागोत जे वाजवलं तेही याच तीन मिनिटांत, आणि ओडियन कंपनीसाठी १९३४-३५ च्या सुमारास खाँसाहेब गायले तेही. दोघांनाही ठाऊक होतं की सुई शेवटच्या खाचेत पोहोचायच्या आत घरी परतायचंय. त्यामुळे एकही स्वर उगाच लागत नाही. या तबकड्यांत मराठी नाट्यपदंही आहेत. 'मानापमान'मधलं 'चंद्रिका ही जणू' खाँसाहेबांच्या आवाजात ऐका. मी आठवीच्या उर्दूभाषक मुलींना ते मराठीच्या तासाला मोबाइलवर ऐकवते. मराठी बोलताना 'ळ' आला की त्या लाजतात. त्यांना सांगते, हे बघा, कैरान्याचा माणूस, मातृभाषा तुमची-माझी, आणि मराठी पद गातोय. एका मुलीनं विचारलं, "मिस, इनको मराठी के मार्क कितने मिले होंगे?"

नव्या आवृत्त्यांवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. खरखर काढायच्या नादात त्यातले काही लोक तंबोराही पुसून टाकतात, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट नावांची. जाझच्या जुन्या तबकड्या नव्यानं निघतात तेव्हा सोबत तारीख असते, स्टुडिओ असतो, ट्रम्पेट कुणाचा, ढोल कुणाचा, बास कुणी धरला, कितवा प्रयत्न निवडला, सगळं असतं. मूळ तबकडीवर बहुतेक वेळा हे नव्हतंच. पुढच्या पिढीतल्या हट्टी लोकांनी कंपन्यांच्या वह्या उकरून ते गोळा केलं. आपल्या तबकडीच्या कागदी चकतीवर गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, फार तर ताल. सारंगी कुणाची? तबला कुणाचा? त्यातले कितीतरी आपल्याच मोहल्ल्यांतले लोक होते, पिढ्यान्‌पिढ्या सारंगी धरणारे. आवाज अजून ऐकू येतो, पण नाव कुठंच नाही. नव्या आवृत्तीत चित्र बदलतं, कागद गुळगुळीत होतो, ती जागा तशीच कोरी राहते.

क्रिकेटनं हे पाप केलं नाही. धावफलकात शून्यावर बाद झालेल्याचंसुद्धा नाव असतं, झेल कुणी घेतला त्याचं असतं. मिरजेच्या शेजारी सांगली, तिथले विजय हजारे. पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर पाडलेले असायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि कुठंच न बसणाऱ्यांचा 'रेस्ट'. हजारे ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'मध्ये. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्यानं केल्या. भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांची ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या २१. भावानं दुसरं टोक धरून ठेवलं, ते धावफलकात त्याच्या नावानिशी नोंदलेलं आहे. सारंगीवाल्याला एवढंही मिळालं नाही.

मामूंना या सामन्यापेक्षा दुसरा प्रिय होता. १९४७ चा मार्च, बडोदा, रणजीचा अंतिम सामना, समोर होळकर संघ. हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला, मग संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या. मार्च १९४७ म्हणजे देश कुठल्या तोंडावर होता ते सांगायला नको. गुल महंमद भारताकडून कसोटी खेळले, पुढे पाकिस्तानकडून एक. बडोद्यातल्या सामन्याच्या पुढच्याच महिन्यात तिकडे ब्रुकलिनमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि बेसबॉलच्या मोठ्या लीगमधली गोऱ्यांची भिंत पडली. आमच्याकडे त्याच वर्षी एक भिंत उभी राहत होती.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी दुकानात कुणीतरी हमखास विचारायचं, "चाचा, आज कुणाकडून?" मस्करीच असायची, बहुतेक वेळा. मामू खतावणी पुढं सरकवायचे. "देख लो भाई." त्यात १९७१ चं ओव्हलचं पान होतं, शॉर्टवेव्हवर कान लावून लिहिलेलं. चंद्रशेखर ३८ धावांत ६, आणि शेवटी अबिद अलीचा विजयी चौकार, लाल शाईत. त्या पानाला तेलकट बोटांचे डाग पडले होते, इतक्यांदा दाखवून झालं होतं.

मामू गेले त्याला आता तीन वर्षं झाली. दुकानात धाकटा मामेभाऊ मोबाइल दुरुस्त करतो. गेल्या उन्हाळ्यात तो फळा रिकामा करायला निघाला, तेव्हा मी धुळ्याला गेले. मुंबईचा एक व्यापारी आधीच येऊन गेला होता. त्यानं एलपी सगळ्या उचलल्या, विशेषतः सिनेमाच्या. 'अलबेला'ची गाणीसुद्धा गेली, सी. रामचंद्रांची, ज्यात गोव्याचा चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावर येतो. ७८ च्या तबकड्या त्याला नको होत्या. जड, फुटक्या, आणि वाजवणार कशावर?

थोरला भाऊ दीनदार माणूस आहे. गाणंबजावणं त्याला घरात नको असतं आणि तो ते लपवत नाही. मला वाटलं होतं, तबकड्यांवरून दोन शब्द होतील. तो एवढंच म्हणाला, "बाजी, भंगारात अब्बाची चीज जाताना मला बघवणार नाही. तुम्ही न्या." मामींनी जुन्या चादरी फाडून दिल्या. एकेक तबकडी गुंडाळून आम्ही दोन खोक्यांत भरली, चव्वेचाळीस निघाल्या. ग्रामोफोन वेगळा. त्यानंच खोकी उचलून स्टँडवर आणली, जळगावच्या गाडीत माझ्या सीटखाली सरकवली आणि कंडक्टरला बजावलं, "काच आहे, सांभाळून." पारोळा ते एरंडोल मी पाय वर घेऊन बसले.

घरी आल्यावर पहिली अडचण निघाली दिव्याची. आमच्याकडे आता सगळे एलईडी, त्यांच्याखाली रेघा थांबतच नाहीत. फुले मार्केटमध्ये चार दुकानं फिरून चोकवाली जुनी ट्यूब मिळाली. दुकानदार म्हणाला, "ताई, वीज खाते ती." खाऊ दे.

खतावणी मात्र थोरल्यानं ठेवून घेतली. त्याला क्रिकेटची बाजू हवी होती. तो लहानपणी मामूंच्या मांडीवर बसून षटकं मोजायचा. यादीची बाजू त्याच वहीत उलटी, त्यामुळे एखाद्या तबकडीच्या चकतीवरचा नंबर झिजलेला असला की मला त्यालाच फोन करावा लागतो. इशाच्या नमाजानंतर करते, तेव्हा तो मोकळा असतो. तो चष्मा लावतो, वही उलटी करतो आणि मामूंचं उर्दू अक्षर सावकाश वाचून दाखवतो. कंपनी, नंबर, राग, एका बाजूला काय, दुसऱ्या बाजूला काय. परवा झिंझोटीचं विचारलं. त्यानं वाचलं, थांबला, आणि म्हणाला, "बाजी, पुढं अब्बांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय."

"काय?"

"'सारंगी कौन?' एवढंच. आणि पुढं जागा सोडलीये."