सिकंदराबादहून आलेली रॅम

पूर्णेत 2004 च्या पुढेमागे ज्या घरांत कॉम्प्युटर आला, त्यांतल्या बऱ्याच घरांत तो एका दिवशी आलाच नाही. मॉनिटर आणि कॅबिनेट नांदेडहून आलं, यूपीएस परभणीहून, आणि रॅम, प्रोसेसर, हार्ड डिस्क हा नाजूक ऐवज सिकंदराबादहून कोणाच्या तरी बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये बसून. टेबल आधीच बनवून ठेवलेलं असायचं. त्या रिकाम्या टेबलावर आई कपड्यांच्या घड्या ठेवायची आणि आपण येता-जाता त्या उचलायचो.

सिकंदराबादच का, हे पूर्णेबाहेरच्याला सांगावं लागतं. आपलं जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेचं. 2003 साली नांदेड विभाग वेगळा झाला तरी झोनचं मुख्यालय सिकंदराबादच राहिलं. कॉलनीतल्या घरांत रेल्वेचा पास, त्यामुळे गाडीभाड्याचा प्रश्न नाही. दुखणं मोठं असलं की लालागुड्याच्या रेल्वे दवाखान्यात जायचं. साहजिकच पुण्या-मुंबईआधी आपल्याला ते शहर कळलं. मुंबईच्या पोरांना कॉम्प्युटरच्या पार्टसाठी लॅमिंग्टन रोड होता, तसं आपल्याला पार्कलेनचं चिनॉय ट्रेड सेंटर. तपासणीला निघालेल्या काकांच्या खिशात डॉक्टरच्या कागदांबरोबर ‘डीडीआर 256 एमबी, 333’ अशी चिठ्ठी खुपसण्यात कोणाला काही गैर वाटत नसे. काकाही ती मनावर घ्यायचे. रात्रीची अजंता एक्सप्रेस पकडून सकाळी तिकडे, दवाखाना उरकून दुपारी पार्कलेन, चार दुकानं फिरून भाव करून यायचे, आणि आल्यावर तब्येतीआधी रॅमचा भाव सांगायचे.

ब्रँडेड की असेंबल, हा वाद मात्र घराघरांत झाला. बँकेतले किंवा शाळेतले मामा म्हणायचे, कंपनीचाच घ्या. कॉम्पॅक, एचसीएल, झेनिथ ही नावं पेपरातल्या अर्ध्या पानाच्या जाहिरातींतून पाठ झालेली. कंपनीच्या डब्यावर सील, आत विंडोज अस्सल, सोबत छापील वॉरंटी. असेंबल केलेला चार-सहा हजारांनी स्वस्त पडायचा, पण हा वाद नुसता पैशावर मिटला नाही. आपले वडील कॅरेज-वॅगनमधले फिटर, लोकोतले मिस्त्री, नाहीतर स्वतःची मोटर स्वतः खोलणारे शेतकरी. सील तोडलं तर वॉरंटी संपते, हे ऐकल्यावर एका घरातून निघालेलं वाक्य गल्लीभर झालं होतं: “खोलताच येत नसल तर मग आपलं काय त्याच्यात?”

मग कोटेशन. दुकानदाराच्या लेटरहेडवर डावीकडे पार्टचं नाव, उजवीकडे रक्कम. ज्या घरात किराण्याची यादी सोडून दुसरी यादी कधी वाचली गेली नव्हती, तिथं रात्री जेवणं झाल्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस अशा ओळी मोठ्यानं वाचल्या जायच्या. गेम हा शब्द त्या बैठकीत कोणी उच्चारला नाही. सगळं अभ्यासासाठी. एमएस-सीआयटी 2001 साली सुरू झालेलं, नोकरीला ते लागणार हे सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे त्या पाच अक्षरांच्या आडोशानं किती मेगाबाइट घरात शिरले याची गणती नाही. “सी प्लस प्लसला 256 लागतेच,” असं सांगणाऱ्या दादाच्या डोक्यात त्या क्षणी व्हाइस सिटी होतं. ते 2003 साली पीसीवर आलं. त्याला 128 एमबी रॅम, 32 एमबीचं ग्राफिक्स आणि हार्ड डिस्कवर 915 एमबी जागा लागायची. हे आकडे दादाला तोंडपाठ होते. वडिलांनी पेन घेऊन एकच ओळ खोडली: ग्राफिक्स कार्ड. “हे कशाला? टीव्ही हाय की घरात.”

आणि इथंच अनेक घरांचा घात झाला. इंटेलच्या 845 चिपसेटचे भाऊबंद पुष्कळ. त्यातल्या 845जी मध्ये ग्राफिक्स बोर्डावरच होतं, शिवाय पुढे कार्ड बसवायला एजीपीची खाच होती. 845जीव्ही त्याहून थोडा स्वस्त, आणि त्याला एजीपी नव्हतंच. कोटेशनवर दोन्ही ‘इंटेल 845 ओरिजिनल’. आज ना उद्या कार्ड घेऊ म्हणून वर्षभर दिवाळीचे, राखीचे, मामांनी हातावर ठेवलेले पैसे साठवायचे, आणि कॅबिनेटची बाजू उघडून बघितलं तर पांढऱ्या पीसीआय खाचा तेवढ्या ओळीनं हजर. त्यांच्याशेजारी जी तपकिरी खाच असायला पाहिजे, तिथं नुसता हिरवा बोर्ड. 865 मध्येही जीव्हीची हीच कथा. मदरबोर्ड बदलल्याशिवाय इलाज नाही, आणि मदरबोर्डाची गोष्ट घरात काढायची कोणी?

ज्यांची खाच शाबूत होती त्यांना जीफोर्स4 एमएक्स 440 मिळालं. त्या काळी स्वस्तातलं राजेशाही कार्ड हेच. व्हाइस सिटी त्यावर लोण्यासारखं चालायचं. पण 2003 अखेरीला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा नवा भाग आला, सीडी घरोघर फिरली, आणि गेम सुरूच होईना. नावात चार असूनही एमएक्समध्ये त्या गेमला लागणारं पिक्सेल शेडर नव्हतं. त्याच्या आधीच्या जीफोर्स 3 मध्ये होतं. म्हणजे जुनं कार्ड चालतं आणि नवं चालत नाही. नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आपल्याला कळलं ते असं. आजही नव्या कार्डाचं नाव ऐकलं की आपल्यातले बरेच जण आधी आतली चिप कोणती ते विचारतात.

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचं कौतुक करताना त्याचं रडगाणं लपवण्यात अर्थ नाही. तो सतत बिघडायचा. पावसाळ्यात बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडदा काळा, आणि आतून लांब, थांबून थांबून बीप. त्या बीपचा अर्थ रॅम. मग विधी सुरू. वायर काढायच्या, कॅबिनेट आडवं करायचं, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर ढकलून रॅम वर खेचायची, आणि तिच्या सोनेरी दातांवरून लहान बहिणीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा. दातांवरचा काळसर थर रबराच्या भुग्यात उतरायचा. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते, असं बजावलेलं असूनही फुंकर मारली जायचीच. रॅम परत दाबली की दोन्ही खिट्ट्या ‘टक्’ करून आपोआप मिटायच्या. एक मिटली आणि एक नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम बहुतेक घरांत बहिणीला जास्त चांगलं जमायचं, आणि तिला खेळायची पाळी मात्र सगळ्यांत शेवटी मिळायची. याबद्दल आपल्या पिढीतले भाऊ काहीच बोललेले नाहीत.

लोडशेडिंगनं तर आपल्या खेळाचं वेळापत्रकच ठरवलं. 2005 नंतरची ती दोन-तीन वर्षं मराठवाड्यात राहिलेल्याला वेगळी सांगायला नको. यूपीएसचा जीव दहा-पंधरा मिनिटांचा. गेम आयजीआय असला तर तेवढ्यानं काही होत नसे, कारण त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. अर्धा तास रांगत, गार्ड चुकवत, कॅमेरे बंद करत शेवटच्या फाटकापर्यंत पोचावं आणि यूपीएस टीं-टीं करू लागावा. स्वयंपाकघरातून आवाज: “बंद कर ते, जळून जाईल. अन् अभ्यास करायलाव का गेम खेळायलाव?” उत्तर आईला ठाऊक होतं.

गल्लीत एखादं ब्रँडेडवालं घर असायचंच. तिथं कॉम्प्युटर झाकलेला, माऊस-पॅड नवं, आणि तो पोरगा कोणाला डब्याला हात लावू देत नसे. आपण त्याला हसायचो. पण खरं सांगायचं तर त्याचं मशीन चार-पाच वर्षं विनातक्रार चाललं, त्यात व्हायरस कमी होते, आणि बिघडलं तेव्हा नांदेडहून माणूस आला. यायला आठवडा लागला, पण आला. फरक नंतर पडला. नवा गेम आला तेव्हा आपल्या डब्यात रॅम वाढली, हार्ड डिस्क जोडली गेली, मास्टर-स्लेव्हचे जंपर हलले. त्याच्या डब्यात मात्र जे पहिल्या दिवशी होतं तेच राहिलं. त्याचा कॉम्प्युटर त्याच्या घराचा होता. आपल्यातल्या कोणाच्याही डब्यात शेजारच्या घरातला एक तरी पार्ट असायचा.

खंडेनवमीला रेल्वेवाल्यांच्या घरी हत्यारं पुजतात. पाना, पक्कड, हातोडी पाटावर. कॉम्प्युटर आला त्या वर्षापासून कॅबिनेटवरही हळद-कुंकवाची बोटं उमटली, आणि पाटावर स्टारचा छोटा स्क्रूड्रायव्हर आला. एका आजीनं मॉनिटरच्या पडद्यावर स्वस्तिक काढलं होतं. ते पुसायची हिंमत दिवाळीपर्यंत कोणाला झाली नाही.

आता आपलीच पोरं गेमिंग पीसी मागतात. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. पुण्यात, हैदराबादेत, नांदेडमध्ये बसून पुन्हा तोच प्रश्न: तयार घ्यावा की जोडावा? जोडलेला स्वस्त, हे पूर्वीचं उत्तर आता डोळे झाकून देता येत नाही. 2021 मध्ये चिपटंचाई आणि क्रिप्टोवाल्यांमुळे सुटं ग्राफिक्स कार्ड मिळेना, तेव्हा तयार मशीन घेणारे शहाणे ठरले. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुना साठा असलेल्या कंपनीचं तयार मशीन स्वस्त पडू शकतं. दोन्हीकडचा भाव त्याच आठवड्यात काढावा.

तरी लहान गावात राहणाऱ्यानं असेंबलच घ्यावा, असं माझं मत आहे. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेला तर तेवढाच बदलावा लागतो. काही तयार मशीनमध्ये बोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीच्याच मापाचे असतात, बाजारातला पार्ट त्यात बसत नाही. कोटेशन घ्याल तेव्हा मदरबोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा, शेवटच्या अक्षरासकट. एसएमपीएसच्या ओळीत नुसते वॅट लिहिले असतील तर कंपनीचं नाव घालायला लावा. प्रत्येक पार्टचा खोका आणि पक्कं बिल घरी आणा. आणि ग्राफिक्स कार्डाची ओळ खोडू नका.