आभाळाची कड

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची जी रांग उभी आहे, तीत एकासारखे दुसरे शिखर सापडावयाचे नाही. घनगडाचा कातळ निराळा, कोरीगडाचा सपाट माथा निराळा. रानात वाट चुकलेला गुराखी या आकृती पाहूनच घरची दिशा ओळखतो.

त्याच तालुक्याच्या पूर्वेस, हिंजवडी व माण या गावांत, विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक-उद्योगांची वसाहत आली आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथे मात्र एक पाहिली की दहा पाहिल्यासारखे होते! ॲल्युमिनियमचे साचे जोडून त्यांत काँक्रीट ओततात. ते घट्ट झाले की तेच साचे वरच्या मजल्यासाठी, पुढे शेजारच्या इमारतीसाठीही उपयोगी पडतात. नवा साचा म्हणजे नवा खर्च. या रीतीने पुष्कळ कुटुंबांना लवकर घर मिळते, हे नाकारता येणार नाही; पण गवंड्याच्या हाताची ओळख तेवढी पुसली जाते.

सायंकाळी शाळेतून परतणारे एखादे मूल तेथे मान वर करून थबकते. आपले घर कोणते? ते मजले मोजू लागते, मध्येच चुकते, पुन्हा मोजते. इतक्यात एका सज्जात वाळत घातलेली आजीची तांबडी गोधडी त्याला दिसते, आणि ते धावत सुटते.