अडलेला निर्णय आणि फोनमधली मदत

सातारा

चि. मुग्धास,


निर्णय अडतो त्याची कारणे साधारणपणे तीन. कधी माहितीच अपुरी असते. कधी माहिती पुरेशी असते, पण दोन्ही पर्याय तोलामोलाचे असतात. आणि कधी मनाने कौल केव्हाच दिलेला असतो, पाऊल तेवढे उचलत नाही. एमपीएससीचा आणखी एक प्रयत्न करायचा की हाती आलेली नोकरी धरायची, या प्रश्नाभोवती वर्षभर घुटमळणाऱ्याला ही तिन्ही कारणे एकच वाटतात. स्वमदतीची अ‍ॅप्स वेगवेगळ्या अडचणींसाठी घडवलेली असतात. त्यामुळे आपली अडचण यांतली कोणती, हे ठरल्यावरच त्यांचा उपयोग होतो.

माहिती अपुरी असेल, तर अ‍ॅप उघडून फायदा नाही. नोकरीच्या अटी, परीक्षेचे वेळापत्रक, घरखर्चाचा हिशेब या गोष्टी संबंधित माणसांना विचारूनच कळतात.

पर्याय तुल्यबळ असतील, तर साधक-बाधक मुद्द्यांची यादी कामी येते. हे तंत्र फोनपेक्षा फार जुने आहे. १७७२ मध्ये इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांच्यापुढे लॉर्ड शेल्बर्न यांच्याकडची नोकरी घ्यावी की नाही, असा पेच होता. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना सल्ला विचारला. फ्रँकलिन यांनी पत्रातून, काय ठरवावे हे न सांगता कसे ठरवावे ते कळवले. कागदाच्या मधोमध रेघ ओढून दोन बाजूंना अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहायचे, मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जायचे. कारणही त्यांनी दिले होते. सगळे मुद्दे मनात एकाच वेळी हजर नसतात. आज एक बाजू दिसते, उद्या दुसरी, आणि माणूस हेलकावे खात राहतो. कागदावर मात्र दोन्ही बाजू एकत्र दिसतात. प्रीस्टली यांनी पुढे ती नोकरी स्वीकारली. आजची निर्णयाची अ‍ॅप्स हीच रीत वापरतात, फक्त प्रत्येक मुद्द्याला गुण देऊन बेरीज करतात. आवडत्या बाजूला नकळत जास्त गुण पडतात, हा त्यातला दोष. पण बेरीज पाहून हिरमोड झाला, तर मनाचा कल कुठे आहे तेही त्यातूनच समजते.

यादीनंतरही काटा मध्येच राहिला, तर नाणेफेकीची अ‍ॅप्स दिसतात तितकी पोरकट नाहीत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एका संकेतस्थळावर द्विधा मनःस्थितीतल्या लोकांसाठी नाणे उडवण्याची सोय केली होती. २०,००० हून अधिक वेळा नाणे उडाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, महत्त्वाच्या प्रश्नांवर बदलाचा निर्णय घेतलेले लोक सहा महिन्यांनंतर अधिक समाधानी आढळले. अर्थात, हे सगळे आधीपासून कुंपणावर बसलेले आणि आपणहून आलेले लोक होते. ज्याला आपला नकार स्पष्ट ठाऊक आहे, त्याला हा निष्कर्ष लागू होत नाही.

अनेकदा अडथळा पर्यायांत नसतो, अपेक्षेत असतो. निर्णय शंभर टक्के बरोबरच ठरला पाहिजे, ही ती अपेक्षा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अशाच हट्टी ‘च’कारांवर बोट ठेवणारी उपचारपद्धती मांडली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती मराठी वाचकांच्या ओळखीची आहे, डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी त्यांच्यावरच आहे. १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी विचार तपासून पाहण्याची जवळची पद्धत विकसित केली. घटना, तिच्याविषयीचा विचार, त्यातून आलेली भावना आणि त्या विचाराला असलेला पुरावा, असे लिहीत जाणे हा तिचा गाभा. अमेरिकेतले ‘वोबोट’ आणि बेंगळुरूचे ‘वायसा’ ही अ‍ॅप्स हेच काम गप्पांच्या रूपात करून घेण्यासाठी निघाली. २०१७ मध्ये ७० तरुणांवर झालेल्या चाचणीत, दोन आठवडे वोबोट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे ई-पुस्तक मिळालेल्यांपेक्षा अधिक घटली. चाचणी लहान होती आणि तिच्या संशोधकांत वोबोटच्या संस्थापकही होत्या, हे निकालासोबत लक्षात ठेवावे लागते. ३० जून २०२५ रोजी ते अ‍ॅप बंद झाले.

निर्णय झाला पण काम सुरू होत नाही, तिथे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ योजना उपयोगी पडते. ‘अर्ज भरायचे आहेत’ हा नुसता संकल्प झाला. ‘सोमवारी सकाळी दहाला ग्रंथालयात बसलो, की पहिला अर्ज भरायचा’ ही योजना. प्रसंग आणि कृती आधीच बांधून ठेवल्यामुळे त्या क्षणी नव्याने ठरवावे लागत नाही. २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा या साध्या युक्तीचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. सवयी लावणाऱ्या अ‍ॅपमध्ये आठवण लावताना वेळ, जागा आणि कृती तिन्ही लिहिली, तरच हा लाभ मिळतो.

या साधनांच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. २०१९ च्या एका अभ्यासात, मानसिक आरोग्याची अ‍ॅप्स घेणाऱ्यांपैकी तिसाव्या दिवशी ती उघडणारे जेमतेम ३.३ टक्के निघाले. उलट टोकाला, रोज मनःस्थिती नोंदवत आणि नवनवी अ‍ॅप्स पारखत बसणे हीच चालढकल होऊन बसते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सर्वसाधारण चॅटबॉट विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात. म्हणून त्यांच्याकडून आवडत्या पर्यायाविरुद्धचे मुद्दे मागवणे अधिक उपयोगाचे. गोपनीयतेचा धोकाही खरा आहे. ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन सेवेला २०२३ मध्ये अमेरिकेत ७८ लाख डॉलर भरावे लागले. नावे, पगार, घरातली भांडणे अ‍ॅपमध्ये न लिहिता वहीत लिहिली, तरी पद्धत तितकीच चालते.

अ‍ॅप वापरायचेच, तर त्याला एकच प्रश्न आणि एकच शेवटची तारीख द्यावी. ‘पुरेसा चांगला’ पर्याय कशाला म्हणायचे, हे आधी लिहून ठेवावे आणि त्या कसोटीला उतरणारा पहिला पर्याय घ्यावा. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये हीच रीत माणसाच्या मर्यादित वेळेला आणि बुद्धीला साजेशी म्हणून मांडली होती. तारीख उलटली, की अ‍ॅप काढून टाकावे आणि पहिली कृती चोवीस तासांत करावी.

झोप, भूक, कामातला रस हे सगळेच दोन आठवड्यांहून जास्त काळ मंदावले असेल, तर अनिर्णय हे नैराश्याचे लक्षण असू शकते. तेव्हा अ‍ॅपवर न विसंबता तज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

कळावे.
तुझा मामा