तिसरा पक्ष, तृतीय पुरुष

विमा एजंटच्या टेबलाशी जी मराठी बोलली जाते तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी कधीतरी कान द्यायला हवा. "फर्स्ट पार्टी काढायचा की थर्ड पार्टी?" हा प्रश्न ठाण्याच्या स्टेशन रस्त्यावर काय किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर काय, सारखाच ऐकू येतो. 'फर्स्ट पार्टी' म्हणजे महागडा, स्वतःच्या गाडीला ओरखडा उठला तरी पैसे देणारा विमा. आणि 'थर्ड पार्टी' म्हणजे स्वस्तातला, पोलिसाला दाखवण्यापुरता. कायद्याच्या भाषेत हे शब्द दोन प्रतींच्या पॉलिसींची नावे नव्हेत. तेथे पहिला पक्ष म्हणजे विमा उतरवणारा, दुसरा पक्ष म्हणजे विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे या दोघांच्या करारावर जिची सही नाही, जी त्या दोघांना कदाचित कधी भेटलेलीही नाही अशी व्यक्ती. कायद्याने सक्ती केली ती या व्यक्तीसाठी. बोलीत मात्र ती व्यक्ती नाहीशी झाली आणि तिच्या नावाची स्वस्त पॉलिसी तेवढी उरली.

आम्ही दोघे सहकारी मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक जण ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या कडेला राहतो, दुसरी डोंबिवली पूर्वेला. आणि आमची वीस-बावीस वर्षांची नोकरी याच पट्ट्यात झाली आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही सांगतो की बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय. तृतीय पुरुषाचे वैशिष्ट्य असे की त्याने संभाषणात हजर असण्याची गरज नसते. विम्यातल्या तिसऱ्या पक्षाचेही तसेच आहे. पॉलिसी काढताना तो तेथे नसतो, हप्ता चुकवताना नसतो, नाकाबंदीत दंडाची घासाघीस चालते तेव्हाही नसतो. तो हजर होतो तो थेट रस्त्यावर, पडलेल्या अवस्थेत.

हा तिसरा माणूस कायद्यात आला कसा, हे पाहण्यासारखे आहे. मोटारी आल्या तशी एक विचित्र अडचण उभी राहिली. धडक बसलेल्या माणसाने दावा करावा, तो जिंकावा आणि प्रतिवादीच्या खिशात दमडी नसावी. निकाल हाती, पण भाकरी नाही. इंग्लंडने १९३० च्या कायद्याने यावर सक्तीच्या विम्याचा तोडगा काढला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली, पण विम्याचे ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ पासून. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्यात हीच सक्ती १४६ व्या कलमात आहे. म्हणजे हा काही काल-परवा निघालेला फतवा नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीपासून ही जबाबदारी गाडीवानाच्या डोक्यावर आहे. आणि तरीही विमा माहिती ब्यूरोने वेळोवेळी दिलेल्या आकड्यांवरून देशातली निम्म्याहून अधिक वाहने बिनविम्याची दिसतात. त्यांत सर्वांत मोठा भरणा दुचाकींचा.

दुचाकींचेच का? आमच्या विद्यार्थ्यांच्या गाड्या पाहिल्या की याचे एक कारण सापडते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच काढावा लागू लागला. योजना चांगली होती. पण २०१८ च्या दसऱ्याला घेतलेली स्कूटर २०२३ च्या दसऱ्याला विम्याच्या बाहेर गेली, आणि त्या दिवशी तिला झेंडूचा हार मात्र नियमाने पडला असणार. पाच वर्षे ज्या गोष्टीचा विचार करावा लागला नाही ती सहाव्या वर्षी आठवत नाही. बरे, पैशांचे म्हणावे, तर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी १ जून २०२२ पासून ठरलेला वार्षिक हप्ता, कर वगळता, ७१४ रुपयांचा. गडकरी रंगायतनला किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात दोघांनी नाटक पाहावे एवढीच ही रक्कम. २०१९ च्या दुरुस्तीने बिनविम्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची शक्यता ठेवली. दंड हप्त्याच्या जवळजवळ तिप्पट. हिशेबी मध्यमवर्गाला हा हिशेब कळू नये असे नाही. पण पकडले जाण्याची शक्यता फार कमी, हेही त्याच हिशेबात धरलेले असते. 'पुढे चौकात पकडतायत' हा निरोप समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडून हेडलाइटच्या उघडझापीने मिळतो. परस्परसाहाय्याचे असे उदाहरण आमच्या शहरांत इतरत्र क्वचितच दिसते.

आमच्या एका विद्यार्थिनीची आई डोंबिवलीतल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटत असे. सकाळी कामावर चालत जाताना तिला मागून दुचाकीची धडक बसली. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि दिवसाला तीन-चारशे पोळ्या उभ्याने लाटणाऱ्या त्या बाईला अर्धा तास उभे राहणेही जमेना. स्वार मुलगा पळून गेला नाही. त्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, हे सांगायला हवे. परंतु त्याच्या गाडीचा विमा संपून सात महिने झाले होते. दावा दाखल झाला, कागदोपत्री तो भक्कमही होता, आणि काही वर्षांनी भरपाईचा निकाल लागला. ती रक्कम कंपनीने नव्हे, मालकाने द्यायची होती. अशा वेळी १७४ व्या कलमानुसार न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायचे असतात. ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, जो भाड्याच्या खोलीतून एव्हाना दुसऱ्या गावी गेला आहे, त्याच्याकडून महसुलाची थकबाकी! ती विद्यार्थिनी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी नियमित वर्ग सोडून आईच्या जागी पोळ्या लाटू लागली. पुढे तिने बाहेरून परीक्षा दिली. दोघींच्याही हाती आजवर निकालाची प्रत आहे, रक्कम नाही.

हेच त्या मुलाने सातशे-साडेसातशे रुपये भरले असते तर काय झाले असते? मृत्यू वा इजेच्या बाबतीत तृतीय पक्ष विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही, तेव्हा न्यायाधिकरण ठरवील ते कंपनीला द्यावे लागले असते. चालकाचा परवाना बनावट निघाला तरीही कंपनीने आधी पीडिताला द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरणसिंग खटल्यात घालून दिली आहे. म्हणजे कागद असेल तर त्यातले पुष्कळ दोष कायदा पोटात घालतो. कागदच नसेल तर त्याला काही करता येत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. विमा भरपाई देतो हे मान्य. त्याने अपघात कसे कमी होतील? २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची आणि २० टक्क्यांच्या आसपास पायी चालणारी होती. पॉलिसीच्या कागदाने ब्रेक लागत नाहीत हे उघड आहे. उलट, 'कंपनी भरेल' या भरवशावर माणूस बेफिकीर होऊ शकतो, असाही युक्तिवाद केला जातो. आपल्याकडे त्याला थोडा आधारही आहे, कारण तृतीय पक्षाचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वर्तनावर नाही. शिळफाट्याला उलट्या दिशेने घुसणारा आणि पत्रीपुलावर रांगेत शांत उभा राहणारा, दोघांना हप्ता एकच. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली नेमलेल्या गटाने वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडावा, असा प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये मांडला होता. आरंभ दिल्ली परिसरात करावा असे त्यात सुचवले होते. आमच्या मते खरी दिशा तीच आहे. नियम मोडल्याची किंमत दरवर्षी हप्त्यात दिसू लागली की विमा हा केवळ भरपाईचा राहत नाही, आवर घालणाराही होतो.

तोवरही सक्तीचा उपयोग आहेच. ज्याच्याकडे कागद नाही त्याला अपघातानंतर थांबण्यापेक्षा पळणे सोयीचे वाटते. पळालेले वाहन सापडले नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्याआधी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. सापडलेल्या आणि विमा असलेल्या वाहनाकडून मिळू शकणाऱ्या भरपाईपुढे ही रक्कम काहीच नव्हे. म्हणून अंमलबजावणी चौकातल्या पावतीपुरती राहू नये. विमा संपल्याची तारीख सरकारच्या संगणकात असतेच. ती उलटली की मालकाला सूचना आणि मग ई-चलान जाणे अवघड नसावे. बिनविम्याच्या वाहनाने अपघात केला तर मालकाने पुरेशी हमी दिल्याखेरीज ते सोडू नये, हमी न दिल्यास तीन महिन्यांनी लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असे नियम राज्यांनी करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. अपघाताच्या दिवशी ती दुचाकी ताब्यात असती तर निदान शस्त्रक्रियेचा खर्च तिच्या किमतीतून निघाला असता.

वर्गात हा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "सर, रस्ते असे, आणि विमा आम्ही भरायचा?" प्रश्न उर्मट वाटला तरी खोटा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी घेतलेले बळी या मुलांच्या घरांत अजून आठवले जातात. खड्ड्यात स्वतःच पडलेल्या स्वाराला तृतीय पक्ष विमा काही देत नाही, कारण तेथे दुसरे वाहनच नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. रस्ता राखणाराही जबाबदार आहे हे त्यातून स्पष्ट झाले. पण पालिकेने आपले कर्तव्य केले नाही म्हणून पोळ्या लाटणाऱ्या बाईचे देणे आपण चुकवावे, हे तर्कात बसत नाही. तिने खड्डा पाडलेला नव्हता.

तिसऱ्याच्या व्याख्येला आणखी काही कंगोरे आहेत आणि ते आमच्या रोजच्या प्रवासातले आहेत. कल्याण-डोंबिवलीत चालकाशेजारी अर्धे अंग बाहेर ठेवून बसणारी 'चौथी सीट' सर्वांच्या परिचयाची. २००७ साली हिमाचलातल्या एका बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की परवान्यात जितके प्रवासी, तितक्यांपुरतीच कंपनी बांधील. भरपाईच्या सर्वांत मोठ्या तितक्या रकमा तिने भराव्यात आणि ती एकूण रक्कम सर्वांत प्रमाणात वाटावी. त्या बसमध्ये बेचाळिसांच्या जागी नव्वद माणसे होती. तोच न्याय रिक्षेला लावला तर चौथा प्रवासी केवळ स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही, मागच्या तिघांच्या भरपाईतही वाटेकरी होतो. आणि डबलसीट? केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस येत नाही, असे २००६ च्या एका निकालात म्हटले आहे. मैत्रिणीला मागे बसवून महाविद्यालयात येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

ठाऊक कसे असणार? आमच्या हाती आलेली प्रत्येक पॉलिसी इंग्रजीत होती, तीही बारीक टायपात. म्हणून गेल्या वर्षी भाषांतराच्या तासाला आम्ही तिच्यातले तृतीय पक्ष दायित्वाचे कलमच दिले आणि म्हटले, आजीला कळेल असे लिहा. कोणी 'त्रयस्थ' लिहिले, कोणी 'परका', कोणी 'इतर इसम'. बदलापूरहून येणाऱ्या एका मुलाने लिहिले, 'समोरच्याचा विमा'. गाडी चालवणारा मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतो, तो बहुधा तक्रारीसाठी. समोरच्याने कट मारला, चूक समोरच्याची. त्या मुलाने तोच शब्द घेऊन त्याच्यापुढे आपले देणे लिहिले. आम्ही त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा गेला.