जुना डी

विंडोजमध्ये एखाद्या ड्राइव्हवर माउसचं उजवं बटण दाबून ‘फॉरमॅट’ म्हटलं की एक उभी, अरुंद खिडकी उघडते. क्षमता, फाइल सिस्टीम, ॲलोकेशन युनिट, नाव, त्याखाली ‘क्विक फॉरमॅट’समोर आधीच केलेली खूण, आणि शेवटी ‘स्टार्ट’. ना चित्र, ना रंग. बाकी विंडोज दर काही वर्षांनी कात टाकते, ही खिडकी मात्र आहे तशीच. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा कामाला असलेल्या डेव्ह प्लमर यांनी २०२४ मध्ये त्याचं कारण सांगून टाकलं. १९९४ च्या अखेरीस, एका पावसाळी गुरुवारी सकाळी, फॉरमॅट करताना माणसाला काय काय विचारावं लागेल याची त्यांनी कागदावर यादी केली आणि तीच वरून खाली मांडली. चांगली खिडकी येईपर्यंत चालून जाईल, एवढाच हेतू. चांगली खिडकी आलीच नाही. त्या खिडकीतून फॅट-३२ चा ड्राइव्ह ३२ जीबीहून मोठा करता येत नसे, तो आकडाही त्याच सकाळी अंदाजानं ठरलेला.

हे वाचून मला फार बरं वाटलं. घाईत केलेल्या यादीत माणूस शोभेचं काही लिहीत नाही. माझ्या मते संगणकावरची ती सगळ्यांत सरळ खिडकी आहे, आणि तिची जागा दुसरी कुठली गुळगुळीत खिडकी घेणार असेल तर माझं मत विरोधात नोंदवावं.

खरी गंमत त्या आधीच केलेल्या खुणेत आहे. काही सेकंदांत पाचशे जीबी साफ. इतक्या वेळात इतकं पुसून होत नाही, आणि पुसलं जातही नाही. डिस्कवर एक नोंदवही असते. एनटीएफएसमध्ये तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. प्रत्येक फाइलमागे तिच्यात सहसा १०२४ बाइटांची एक नोंद: नाव काय, तारखा कोणत्या, आकार केवढा, आणि डिस्कवर कुठे कुठे पसरलेली आहे. सातबाराच म्हणा. क्विक फॉरमॅट म्हणजे तलाठ्यानं नवी वही उघडायची आणि पहिल्या पानावर लिहून टाकायचं, की गाव सगळं पडीक आहे. शिवारात ऊस उभाच असतो. नवी फाइल नेमकी त्या तुकड्यावर येऊन नांगर घालेपर्यंत तो कुठे जात नाही. डेटा परत मिळवून देणारी माणसं वहीवर विसंबत नाहीत; थेट बांधावर जाऊन उभी राहतात.

डॉसच्या काळात तर व्यवहार आणखी साधा होता. फाइल डिलीट केली की तिच्या नावातलं पहिलं अक्षर काढून तिथे एक ठरलेला बाइट ठेवायचा, आणि तिची जागा मोकळी आहे असं नोंदवायचं. नावातली बाकीची अक्षरं शाबूत, मजकूरही शाबूत. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा आली. ती फाइल शोधून काढायची आणि वर तुम्हालाच विचारायची: हिचं पहिलं अक्षर काय होतं? बाकी सगळं माझ्या लक्षात आहे, एवढं एक तुम्ही सांगा. विसरण्याचा इतका सभ्य प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी २००० ते २००२ च्या दरम्यान जुन्या बाजारातून १५८ हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती? १२. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे आकडे, आजारपणाच्या नोंदी, पत्रं. त्यावरच्या लेखाला त्यांनी प्रूस्तच्या कादंबरीची आठवण करून देणारं शीर्षक दिलं. अभ्यासाच्या लेखाला असं शीर्षक देणाऱ्या माणसांवर माझा आपोआप विश्वास बसतो.

आणि त्यातून, ज्यांनी घाई न करता ती खूण काढून टाकली, तासभर थांबून ‘फुल’ फॉरमॅट केलं, त्यांचं काय? एक्सपीमध्ये तो सगळा तास डिस्क नुसती वाचण्यात जायचा, एखादा सेक्टर खराब आहे का हे पाहण्यात. जुन्या मजकुराला धक्काही लागत नसे. व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट खरोखर सगळीकडे शून्यं लिहू लागला.

एक्सपी म्हटलं की मला लोडशेडिंग आठवतं. साताऱ्यात आमच्याकडे फॉरमॅट मारायला येणारा मुलगा वेळ ठरवताना आधी विचारायचा, “काकू, तुमच्याकडे लाइट कधी जाते?” विंडोज टाकता टाकता लाइट गेली की पहिल्यापासून सगळं. म्हणून तो लाइट आल्या आल्या हजर व्हायचा. पाठीला सॅक, सॅकमध्ये सीड्यांचं चेनचं पाकीट, सीड्यांवर मार्करनं लिहिलेली नावं. निळा पडदा आला की तो एफ-८ दाबून करार मान्य करायचा. तो करार त्यानं कधी वाचला असेल असं वाटत नाही. वाचणारं कुणीच मला अजून भेटलेलं नाही. मग डी, एंटर, एल. पार्टिशन उडवायच्या या तीन कळा तो पडद्याकडे न बघता दाबायचा, आणि आमच्या आईच्या पोटात गोळा यायचा. “सी उडवतोय हो काकू, डी तसाच राहतो.” पिवळी पट्टी सरकू लागायची. नंतर डाव्या बाजूला अक्षरं यायची, की अंदाजे ३९ मिनिटं लागतील. त्या ३९ मिनिटांत आई पोहे करायची. ३४ वर घड्याळ हमखास अडायचं, आणि मुलगा म्हणायचा, “चालायचंच.” मदरबोर्डची सीडी आमच्याकडे रेशनकार्डाच्या पिशवीत असायची, ती मिळाली नाही तर संगणक मुका, आणि पडद्यावरची चित्रं वितभर मोठी.

अशाच एका फॉरमॅटनंतर बाबांची इतिवृत्तं गेली. म्हणजे गेली नाहीत, हेच तर सांगायचं आहे. बाबा पेठेतल्या वाचनालयाचे चिटणीस होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या सभांची इतिवृत्तं संगणकावर उतरवायला घेतली होती. मुलानं सगळ्या फाइली इमानानं सीवरून डीवर नेल्या आणि विंडोज टाकून तो गेला. संध्याकाळी बाबांनी फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम. तेव्हाचे मराठी फॉन्ट असेच असायचे: फाइलमध्ये साठायचं ते इंग्रजी कळांचं काहीतरी, आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट सीमध्ये होता. सी उडाला होता.

बाबा घाबरले नाहीत. ते चष्मा पुसून म्हणाले, “पानं तेवढीच आहेत.” परिच्छेदांच्या आकारावरून त्यांनी १९७२ ची दुष्काळातली सभा ओळखली, कारण ती सगळ्यांत छोटी होती. मग ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्यांचा तर्क असा: इतिवृत्त कुठलंही असो, त्याची सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आल्यापासूनच होणार. मध्ये सूचक येणार, अनुमोदक येणार, ठराव सर्वानुमते मंजूर होणार, आणि शेवटी आभार. म्हणजे कोणत्या जागी कोणतं वाक्य आहे हे माहीतच आहे. फक्त चिन्हं जुळवायची. सगळ्यांत जास्त वेळा येणारं चिन्ह म्हणजे काना, हे त्यांना पहिल्या रात्रीच कळलं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली आहे, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमधली मंडळी जर्मन संदेश फोडताना हेच करत होती, हे मी पुढे कधीतरी वाचलं: रोजच्या हवामानाच्या संदेशात हवामान हा शब्द असणारच, मग तिथून आत शिरायचं. बाबांना ब्लेचली पार्क माहीत नव्हतं. त्यांना सभाशास्त्र माहीत होतं.

त्यांच्या तक्त्यात निम्मी बाराखडी भरली होती तेव्हा तो मुलगा परत आला. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमधून त्यानं तो फॉन्ट फ्लॉपीवर आणला होता. फाइल काही केबींची. ती त्यानं ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली, वर्ड बंद करून उघडलं, आणि सगळी कार्यकारिणी एका क्षणात मराठी बोलू लागली. “झालं काका,” तो म्हणाला. बाबा म्हणाले, “झालं, छान झालं,” पण त्यांचा चेहरा थोडा पडला होता. जोडाक्षरं राहिली होती ना.

या प्रकारातून आपली सुटका झाली ती युनिकोडमुळे, आणि विंडोजपुरतं बोलायचं तर मंगल फॉन्टमुळे. तो र. कृ. जोशी यांनी रेखाटला. जोशी सुलेखनकार होते, कवी होते, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत. २००८ मध्ये ते गेले. ज्यानं बोरूनं अक्षरं नाचवली त्यानं सरकारी परिपत्रकांपासून शाळेच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे दिसणारा इतका शांत फॉन्ट द्यावा, याचं मला नेहमी नवल वाटतं. मंगल मला देखणा वाटत नाही. तो कामसू आहे. एक्सपीत त्याचं देवनागरी नीट जुळून यायला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असं लिहिलेल्या चौकटीत खूण करावी लागायची, आणि मग विंडोज पुन्हा सीडी मागायची. पण एकदा ते झालं की फाइलमध्ये क म्हणजे कच साठत होता. आता संगणक कितीही वेळा कोरा करा, दुसऱ्या सकाळी तो मराठी वाचतो. मुखवटा हरवायची भीती उरली नाही, कारण मुखवटाच उरला नाही.

भीतीची जागा मात्र बदलली. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर डिलीट केलेलं पडून राहायचं, म्हणून माणसं चुकायला मोकळी होती. एसएसडीचं तसं नाही. तिला जुन्या मजकुरावर तसाच नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी तो कप्पा रिकामा करावा लागतो. म्हणून सिस्टीम तिला ‘ट्रिम’ नावाचा निरोप पाठवते, की अमुक जागा आता कुणाच्या नाहीत, आणि ती आपल्या सवडीनं ते कप्पे खरोखर रिकामे करून ठेवते. क्विक फॉरमॅटची खूण तीच, खिडकी तीच, पण आता ऊसही जातो. पूर्वी तासभराच्या फॉरमॅटनं जे होत नव्हतं ते आता काही सेकंदांत होतं. प्रगती म्हणायची की काय, ते ज्यानं त्यानं आपल्या फाइली बघून ठरवावं.

माझ्या फाइली म्हणजे ‘जुना डी’. प्रत्येक फॉरमॅटच्या आधी डी ड्राइव्हमधलं सगळं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं आणि फोल्डरला नाव द्यायचं ‘जुना डी’. नवा संगणक लागला की ते परत आणायचं, लावू सावकाश म्हणून. मग पुढचा फॉरमॅट. त्यामुळे जुन्या डीमध्ये एक जुना डी आहे, त्यात ‘बॅकअप नवा’, त्यात ‘बॅकअप नवा – फायनल’, आणि त्याच्या आत पुन्हा जुना डी. तळाशी कधीतरी उतरलो तर साताऱ्याच्या संगणकाची पायवाट लागते. तिच्यात वापरणाऱ्याचं नाव आहे ‘एबीसी’.

एक्सपी टाकताना शेवटी नाव विचारलं जायचं, आणि तो मुलगा आम्हाला न विचारता तेच टाइप करायचा. सगळ्यांकडेच. पेठेतले निम्मे संगणक एबीसीच्या मालकीचे होते. डॉक्टरांचा एबीसी, पत्रिकेच्या प्रेसचा एबीसी, आमचाही. बाबांनी एकदा विचारलं, “अरे, आमचं आडनाव घाल की.” तो म्हणाला, “कशाला काका? कॉम्प्युटरला काय करायचंय तुमचं आडनाव?” हल्लीच्या सिस्टीम कोऱ्या ड्राइव्हवर पाय ठेवायच्या आधी ईमेल मागतात, फोन मागतात, पिन मागतात, काही तर चेहराही. मला तो मुलगा बरोबर वाटतो. कॉम्प्युटरला काय करायचंय?